सात डब्यांचा उजेड

आपल्या डब्यातला दिवा गेला असं कुणी म्हटलेलं हरिदास तळभंडारेला खपायचं नाही. डबा म्हणजे रेल्वेचा. चौतीस वर्षं त्यानं सोलापूरच्या यार्डात गाड्यांचे दिवे आणि पंखे सांभाळले, आणि एवढ्या वर्षांत त्यानं तपासून सोडलेली गाडी वाटेत अंधारात गेली असं एकदाही झालं नाही. निदान तो तरी असं सांगतो. त्याची बायको मनकर्णा म्हणते, "झालं असंल की एकदोनदा, पण ह्यांच्या तोंडावर सांगायची छाती कुणाची होती?" ते असो. माणूस फटकळ, पण कामाला चोख.

गाडी सुटायच्या आधी शेवटच्या डब्यापाशी जायचं, गार्डाला "लाइट ओके" म्हणायचं आणि मगच चहाला जायचं, ही त्याची रीत. बहुतेकदा त्या डब्यात गार्ड म्हणून निंगप्पा बिराजदार उभा असायचा. निंगप्पा अक्कलकोटकडचा. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हीत सारखाच खवचट. "ओके म्हंजे? सगळं बघितलास काय, का हितनंच वास घेतलास?" असं तो विचारायचा आणि हरिदासचा पारा चढायचा. असल्या भांडणांतूनच दोघांची तीस वर्षांची दोस्ती पिकली.

दोघं एकाच वर्षी रिटायर झाले. हरिदास मिलिंदनगरातल्या घरी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे मिक्सर दुरुस्त करत बसला. निंगप्पानं मात्र जुळे सोलापूर भागातल्या त्याच्या घरात वेगळंच खूळ काढलं. बाहेरच्या खोलीत, दाराशेजारून निघून दोन भिंतींच्या कडेनं देव्हाऱ्यापर्यंत, छातीएवढ्या उंचीवर त्यानं एक अरुंद फळी ठोकून घेतली. तीवर बोटभर रुंदीचे रूळ टाकले. दाराजवळ सोलापूर, कोपऱ्यात होटगी, देव्हाऱ्याशी दुधनी. इंजिन आणि ते चालवायची बटणाची पेटी पुण्याहून आणली. डबे मात्र स्वतःच्या हातानं करायला घेतले, पुठ्ठा आणि प्लास्टिकचे पत्रे कापून, खिडक्यांच्या गजांसकट. कुणीतरी म्हणालं, गोल रूळ टाका की, गाडी फिरत राहील. निंगप्पा म्हणाला, "गोल गोल फिरायचं काम सर्कशीतलं. गार्डाची नोकरी जाऊन यायची असती." त्यामुळं गाडी दुधनीला पोचली की तिथंच थांबायची, आणि मग इंजिन डबे ढकलत उलटं सोलापूरला आणायचं.

सहा वर्षांत सहा डबे झाले, आणि सातव्याच्या वेळी साखरेनं दगा दिला. डोळ्याच्या आतला पडदा खराब झाला. उजवा डोळा जवळपास गेलाच, डाव्याचं अर्धंमुर्धं उरलं. डॉक्टरांनी निंगप्पाच्या बायकोदेखत, हेमावतीदेखत, स्वच्छ सांगितलं होतं की इंजेक्शनं घेत राहिलं तर उरलेलं टिकेल, पण आत रक्त उतरलं तर एका क्षणात सगळं काळं होईल. ते कधी, हे कुणालाच सांगता येणार नाही.

निंगप्पाला विचारलं तर एकच उत्तर. "दिसतंय की! काय धाड भरली हाय मला?" घरातल्या घरात तो बिनधास्त फिरायचा. सकाळी पेपर उघडून हेमावतीला बातम्या वाचून दाखवायचा. एवढं चांगलं चाललंय तर डोळ्यात सुया कशाला टोचून घ्यायच्या, म्हणून मागची दोन इंजेक्शनं त्यानं बुडवली. हेमावतीलाही वाटलं, खरंच बरं असेल. चांगलं ऐकायला मिळालं की माणूस फार खोदून विचारत नाही.

पण सातवा डबा हरिदासनं हातात घेऊन पाहिला होता. त्याच्या खिडक्या वरखाली झाल्या होत्या. ज्या माणसानं सहा डबे फूटपट्टी लावल्यासारखे केले, त्याच्या हातून असं का व्हावं, हे हरिदासला कळायला वेळ लागला नाही. त्यानं डबा अलगद जागेवर ठेवला.

त्याच दिवशी हेमावतीनं त्याला अंगणात गाठलं. "भाऊजी, त्यांच्या मनात फार हाय हो, डब्यात दिवे लावायचे. रात्रीची पॅसेंजर लांबनं कशी दिसती, तसं. अंधारात उजेड असला की त्यांना अजून नीट दिसतंय. उद्या परवा तेबी गेलं तर? तेवढं एकदा बघू द्या त्यांना."

"आठ दिवस द्या वहिनी," हरिदास म्हणाला.

साती डबे जुन्या लुगड्यात गुंडाळून, पत्र्याच्या पेटीत घालून तो घरी घेऊन आला आणि खिडकीशी टेबल मांडून बसला. काम सोपं वाटलं होतं, सोपं नव्हतं. आयुष्यभर वीतभर दिव्यांशी खेळलेल्या हाताला आता तिळाएवढे दिवे धरायचे होते. नवी पेठेतल्या दुकानदारानं आधी पांढरे दिवे गळ्यात मारले. ते लावून पाहिले तर पॅसेंजरचा दवाखाना झाला. हरिदास तसाच परत गेला आणि दुकानदाराला चार शब्द सुनावून पिवळ्या उजेडाच्या पट्ट्या घेऊन आला. त्या लावल्या तर उजेड खिडकी सोडून पुठ्ठ्यातूनच झिरपायला लागला, सगळा डबा कंदिलासारखा दिसायला लागला. मग प्रत्येक डबा आतून काळा रंगवला, छत तेवढं पांढरं ठेवलं. आणि उजेड नीट बसला तेव्हा आत काहीच नाही हे उघडं पडलं. बाकं नाहीत, सामानाची फळी नाही, नुसतं खोकं. आइस्क्रीमच्या काड्या कापून त्यानं बाकं केली. मुलगी बुद्धप्रिया कॉलेजात शिकवून घरी आली की चष्मा लावून त्याच्यासमोर बसायची आणि काड्या घासून द्यायची.

"आप्पा, एवढं आतलं कोण बघणारे?"

"बघणाराच बघणार हाय. गप घास."

चाकांना घासत राहतील अशा पितळी पत्त्या त्यानं प्रत्येक डब्याखाली बसवल्या, म्हणजे रुळातली वीज चाकातून वर दिव्याला जाईल. इंजिनही त्याच विजेवर पळायचं. प्रत्येक डब्याचे दिवे त्यानं दोन भागांत जोडले, खऱ्या डब्यासारखे, म्हणजे एक तार तुटली तरी अर्धा डबा उजेडात राहील. मग टेबलावर हातभर रूळ मांडून, बॅटरी जोडून एकेक डबा त्यावर उभा केला. साती पेटले. यार्डात असंच करायचे, उभ्या डब्याला बाहेरून वीज देऊन दिवे तपासायचे. हरिदासनं समाधानानं पेटी बंद केली.

रविवारी दुपारी तो निंगप्पाकडे पोचला. हेमावतीनं दोन्ही खिडक्यांवर घरातल्या जाडजूड चादरी टांगल्या होत्या, दाराच्या फटीत पोतं कोंबलं होतं. आत मिट्ट काळोख, आणि उकाडा असा की विचारू नका. निंगप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून बसला होता. हरिदासनं मोबाइलच्या उजेडात डबे रुळावर चढवले, एकमेकांत अडकवले. निंगप्पानं आधी एकदा चालवून बघू दिलं नाही. "ट्रायल बियल काय न्हाई. पयली गाडी मी बघणार. कर सुरू."

"लाइट ओके," हरिदास म्हणाला, आणि त्यानं पेटीचं बटण हळूच फिरवलं.

साती डबे एकदम उजळले. पिवळ्या खिडक्यांची ओळ सोलापुरातून हलली आणि भिंतीच्या कडेनं होटगीकडे निघाली. काळोखात फळी दिसत नव्हती, भिंत दिसत नव्हती, नुसती रात्रीची गाडी चालली होती. खिडक्यांचा उजेड भिंतीवर सरकत होता. हेमावतीच्या तोंडून "अय्यो" एवढंच निघालं. हरिदासनं हजारो डबे उजळले होते, पण लांब उभं राहून आपली गाडी जाताना बघायला त्याला कधी सवडच मिळाली नव्हती. त्याचे डोळे भरून आले.

निंगप्पा खुर्चीच्या कडेला सरकला होता, मान पुढं काढून. "आली रे! नोडु, हेमा, नोडु! बघ कशी चालली!" मग थोडा वेळ थांबून तो म्हणाला, "चौथ्यात एक दिवा जास्ती जळतोय. मागच्या अंगाला."

हरिदासनं निरखून पाहिलं. खरंच होतं. चौथ्या डब्याच्या मागच्या बाजूला एक खिडकी इतरांपेक्षा उजळ होती. दिसतंय ह्याला! त्याला एवढा आनंद झाला की उलट उत्तर द्यायचंसुद्धा तो विसरला.

गाडी कोपऱ्यावरून वळून दुधनीला थांबली. थांबली की रुळातली वीज बंद, म्हणून दिवेही गेले. ते निंगप्पाला ठाऊक होतं. "आता आण परत," तो म्हणाला.

हरिदासनं पेटीवरचा खटका उलटा केला आणि बटण फिरवलं. इंजिन गुरगुरलं. डब्यांची खडखड दुधनीहून निघाली, कोपऱ्याकडे यायला लागली. आणि उजेड नाही. एकाही डब्यात नाही. काळोखातून नुसता आवाज येत होता.

क्षणभर हरिदासला वाटलं, तार तुटली. पण साती डब्यांची एकदम कशी तुटेल? आणि मग त्याच्या लक्षात आलं. ह्या बारक्या गाडीत दिशा बदलायची म्हणजे रुळातली वीज उलटी करायची. इंजिन त्यावरच मागं फिरतं. आणि हे नवे दिवे वीज एका बाजूनं आली तरच पेटतात, उलटी आली की ठप्प. खऱ्या डब्याखाली ह्यासाठी एक पेटी असते. गाडी मुंबईकडे पळो नाहीतर वाडी जंक्शनकडे, ती पेटी दिव्याला वीज सुलटीच देते. चौतीस वर्षं ती पेटी त्यानं रोज उघडली होती, पुसली होती, दुरुस्त केली होती. नव्या पोरांना शिकवायचा, "डब्याला दिशा नसती रे." त्या पेटीवर इतका भरवसा बसला होता की इथं ती नाहीच, आपणच ती बसवायला पाहिजे, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. एखाद्या शाळकरी पोरानंसुद्धा केली नसती अशी चूक.

तो तोंड उघडणार, तेवढ्यात निंगप्पाचा आवाज आला.

"वा! वा वा! परतीची तर अजून झ्याक दिसती की रे!"

हरिदास काळोखातच खुर्चीकडे वळला.

"सगळे डबे कसे झळकायलेत बघ हेमा," निंगप्पा म्हणत होता. आवाज हसरा होता, पण त्याला बारीक कंप सुटला होता. "होटगी आली बघ. लई झ्याक. हरिदास, मानलं बाबा तुला."

आंधळी गाडी खडखडत त्याच्या समोरून चालली होती आणि तो तिच्या दिव्यांचं कौतुक करत होता. हेमावतीनं काळोखातच हरिदासचं मनगट पकडलं. तिला वाटलं, म्हणजे आधीपासूनच काही दिसत नव्हतं, मघाशीही आपल्यासाठीच बोलत होते. "राहू द्या भाऊजी," ती त्याच्या कानाशी पुटपुटली. "काही बोलू नका. त्यांचं मन मोडू नका."

पण हरिदासला चौथ्या डब्यातली ती खिडकी आठवली. मघाशी ह्याला दिसत होतं, पक्कं दिसत होतं. म्हणजे आत्ता, ह्या मिनिटाला, निंगप्पाला वाटतंय की डोळ्यात रक्त उतरलं. डोळे कायमचे गेले. आणि तरी हा गडी ओरडला नाही, रडला नाही, बायकोची आणि दोस्ताची दुपार खराब होऊ नये म्हणून वा वा करत बसलाय. गप्प बसलं तर ह्याची अब्रू राहील, पण पुढची कितीतरी मिनिटं हा माणूस ह्या खुर्चीत एकटा आंधळा होऊन बसेल. हरिदासला ते सोसेना. त्यानं बटण बंद केलं. गाडी होटगीच्या अलीकडे थांबली.

"निंगप्पा," तो म्हणाला, "दिवे गेलेत."

खुर्ची करकरली. "आँ?"

"परतीला लागलेच न्हाईत. एकबी न्हाई. आमाला बी काय दिसंना. तुझे डोळे ठीक हायत, माझं डोकं गेलं हुतं."

मग निंगप्पा अगदी हळू म्हणाला, "हरिदास, माझ्यासाठी खोटं नको बोलू. तुझ्या डब्यातला दिवा गेला असं तू जन्मात म्हणला न्हाईस. आज कशाला म्हणतोस?"

"गेला म्हणून म्हणतो! चुकलो मी! चौतीस वर्षांची नोकरी पाण्यात घातली, आता अजून काय लिहून देऊ?"

"खोटं."

"मग बघ!" हरिदासनं चिडून खटका पुन्हा सुलटा केला आणि बटण पिळलं. साती डबे उजळले आणि गाडी पुन्हा दुधनीकडे निघाली.

निंगप्पा त्या खिडक्यांकडे बघत राहिला. मग दोन्ही हातांत तोंड घेऊन तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. हेमावती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. हरिदासनं गाडी थांबवली आणि खिडकीवरची एक चादर ओढून काढली. भगभगीत ऊन आत आलं.

"मला वाटलं गेलं," निंगप्पा म्हणाला. "सगळं गेलं वाटलं, हेमा."

"आणि तरी वा वा म्हणत बसलात!"

"मग काय बोंब मारू? एवढ्या हौसेनं तुमी दोघांनी..."

"आजपर्यंत अजून काय काय खोटं सांगितलात?" हेमावतीचा आवाज चढला. "सांगा! तो पेपर? रोज सकाळी वाचून दाखवता तो?"

"पहाटे रेडिओवर बातम्या ऐकतो," निंगप्पा खालमानेनं म्हणाला. "तेच वाचून दाखवतो. श्रावणापासनं अक्षर दिसंना."

हेमावतीनं कपाळावर हात मारला. "अय्यो यप्पा! आणि मी येडी, माझा नवरा पेपर वाचतो म्हणून सगळ्यांना सांगत फिरते! दोन इंजेक्शनं बुडवली तुमी, दिसतंय म्हणून. हातात होतं तेवढंबी घालवायला निघालात. मी कोण हाय तुमची? पाव्हणी हाय का, मन राखायला?" बोलता बोलता तीही रडायला लागली, आणि रडता रडता तिनं पदरानं त्याचंच तोंड पुसलं.

हरिदास भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. नवराबायकोच्या मधे बोलायची त्याची रीत नव्हती, पण जायलाही पाय उचलेना.

"आता खरं सांगा," हेमावती म्हणाली. "किती दिसतं?"

गार्ड असताना निंगप्पा रिपोर्ट लिहायचा, तसं एकेक सावकाश सांगायला लागला. उजव्या डोळ्यानं काही नाही. डाव्यानं दिवसा माणूस आलं एवढं कळतं, कोण ते आवाजावरून. ताटातलं कळत नाही. अंधारात उजेड मात्र दिसतो, खिडकी न् खिडकी मोजता येते. "तुझं तोंड," तो म्हणाला, आणि थांबला. "तुझं तोंड दिवाळीपासनं न्हाई दिसलं."

हेमावतीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग ती म्हणाली, "मंगळवारी डॉक्टरकडं जायचं. तिथं सगळं हेच सांगायचं." निंगप्पानं मान डोलावली.

वातावरण जरा हलकं व्हावं म्हणून हरिदासनं गाडीचा विषय काढला. "डबे घेऊन जातो मी. हरेक डब्यात वीज सुलटी करणारे चार बारके डायोड बसवायचे, झालं. दोन दिवसांचं काम. मग जाताना बी दिवे, येताना बी दिवे."

"हात लावू नको," निंगप्पा म्हणाला.

"म्हंजे?"

"हाय तसंच राहू दे."

"आरं वेड लागलं काय? फॉल्टी काम सोडून जाऊ? उद्या कुणी बघितलं तर काय म्हणंल, तळभंडारेच्या गाडीत परतीला काळोख!"

"ऐक की जरा." निंगप्पानं हात पुढं केला आणि हरिदासची बाही सापडल्यावर ती धरून ठेवली. "हेमा रोज गाडी चालवंल, एकदा जायची, एकदा यायची. जाताना उजेड, येताना काळोख. ह्या दोन्हीतला फरक मला दिसतोय तवर मी तिला सांगीन, आज दिसला म्हणून. आणि ज्या दिवशी दोन्ही सारखंच दिसंल, त्या दिवशी तेबी सांगीन. वा वा म्हणणार न्हाई."

"मला आधी सांगाल?" हेमावतीनं विचारलं.

"तुलाच आधी."

हरिदासनं फळीवरच्या डब्यांकडे पाहिलं, मग निंगप्पाकडे. "आणि मग? त्या दिवसानंतर?"

"त्या दिवशी तू ये," निंगप्पा म्हणाला, "आणि तुझे ते डायोड बसवून दे. मला न्हाई दिसलं तरी हेमाला दोन्हीकडनं दिवे दिसू देत."

"बरं," हरिदास म्हणाला.